आठव्या काठीची प्रदक्षिणा

"चार नको! चार नको! अंकल, चार नको लाह!"

माझा सिंगापुरी मित्र लिम दारातूनच ओरडत होता. ('लाह' म्हणजे तिथलं 'बरं का'.) मी उंबऱ्यावर उभा, हातात चार संत्री, आणि आतल्या हॉलमध्ये पन्नास-साठ चिनी म्हातारे चहाचे पेले ओठांपाशी अडवून माझ्याकडे असे बघत होते, जणू मी संत्री नव्हे, गावठी बॉम्ब घेऊन आलोय. पन्नास-साठ म्हणजे सहा-सातच होते. पण नजरा मात्र साठ जणांना पुरतील एवढ्या होत्या.

यात माझी चूक काय, ते आधी ऐका. घरून निघताना मी पाच संत्री घेतली होती. आपल्याकडे मोठ्या माणसाकडे पहिल्यांदा जायचं तर पाच फळं. ओटीत पाच, पूजेला पाच, सुवासिनी पाच. उंबऱ्याशी आलो तर लिम कुजबुजला, "अंकल, पाच? मंगल कामाला जोडी लागते. सुटी वस्तू मयताला."

मी म्हटलं, हात्तिच्या! आयुष्यभर पी.टी.चा मास्तर होतो मी. रांगेतलं एक जादा पोरगं बाहेर काढायला कितीसा वेळ? एक संत्रं खिशात टाकलं. उरली चार. आणि चिनी बोलीत 'चार' आणि 'मरण' कानाला जवळजवळ एकच. म्हणजे पाच संत्र्यांनी मी यजमानांच्या मयताला आलो होतो. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून चार करून त्यांना स्वतःच पोचवायला निघालो होतो.

"मग किती?" मी विचारलं. माझा आवाज असा, की मिरजेच्या मैदानात मी 'सावधान' म्हटलं की सांगलीची मुलं हातातला डबा टाकून ताठ उभी राहायची. इथं छतावरचा पंखा दचकून दोन फेरे उलटा फिरला.

"दोन! दोनच!"

दोन संत्री हातात, तीन खिशांत, अशा थाटात मी आत गेलो. समोर लाकडी खुर्चीत सिफू बसले होते. सिफू म्हणजे गुरुजी. वय ऐंशीच्या पुढे, अंग खारकेसारखं सुकलेलं, डोळे मात्र ताज्या मिरीच्या दाण्यासारखे. त्यांच्याकडे नमस्काराची रीत अशी, की उजव्या हाताची मूठ वळायची आणि डाव्या तळव्यानं ती झाकायची. मी हे लिमकडून पाठ करून आलो होतो. पण डावा हात वर? देवाला, गुरूला, पाहुण्याला आजवर कधी डावा हात पुढे केला नाही. केला असता तर आईनं तो हात तिथेच उपटून पाटीत ठेवला असता. माझ्या हातांनी माझं न ऐकता अदलाबदल केली. डाव्याची मूठ, त्यावर उजवा तळवा. वर मी कमरेत वाकलोही, अगदी भक्तिभावानं.

लिमनं डोळे झाकले. तसा नमस्कार फक्त प्रेतयात्रेत करतात.

सिफू शांतपणे काहीतरी म्हणाले. लिमनं इंग्रजीत सांगितलं, "सिफू विचारतात, हा माणूस मला आत्ताच पुरणार आहे, की आधी चहा घेणार?"

मी चहा घेतला.

पासिर रिस, त्याआधी

आम्ही उभयता, म्हणजे मी आणि नलू, मुलीकडे सिंगापूरला गेलो होतो, ती गोष्ट २०१६ ची. प्राजक्ता आणि जावई निखिल पासिर रिसला राहतात. निखिल चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेचे कॉम्प्युटर सांभाळतो. मुलगा गुणी, पण स्वभाव असा की रस्ता ओलांडतानाही आधी चार लोकांची परवानगी घेईल. त्यांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. खाली भेटणाऱ्या चिनी आजींना मी 'चौथा मजला' म्हणून सांगितलं, की त्या माझ्या दंडावर थोपटून निघून जायच्या. मला वाटायचं, इथली माणसं फारच प्रेमळ.

सकाळी समुद्राकडेच्या पार्कात फिरायला जायचो. तिथे लिम भेटला. माझ्याच वयाचा, बसच्या ड्रायव्हरकीतून निवृत्त झालेला, आणि हातात पुरुषभर उंचीची काठी. तो ती फिरवत होता आणि आजूबाजूची पाखरं रांगेनं सलामी देऊन पलीकडच्या झाडावर जात होती. माझ्या अंगातली लाठी जागी झाली. शाळेत तीन पिढ्यांना लाठी-लेझीम शिकवलेला माणूस मी. खाणाखुणांनी काठी मागितली आणि दोन हात करून दाखवले. लिम काठी विसरून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अंकल, तुमची काठी गोल बोलते. आमची सरळ बोलते."

त्या दिवसापासून आमची गट्टी. बाकावर बसून तो मला आकडे शिकवायचा. त्यांच्या मते जगात सगळं जोडीनं: ऊन-सावली, कठीण-मऊ, सम-विषम. काठीला टोकं दोन, एक मारतं तेव्हा दुसरं राखतं. त्यांच्या काठीचे फटके एकशे आठ. त्यातले छत्तीस आकाशाचे, बहात्तर पृथ्वीचे. पूर्वी परमुलखात आलेले लोक एकमेकांचे शपथेचे भाऊ व्हायचे, तेव्हा शपथाही छत्तीस घ्यायचे.

मी म्हटलं, "आमच्याकडे छत्तीसचा आकडा म्हणजे भांडण."

"पण ही भावांची गोष्ट आहे."

"आमच्याकडेही भाऊ म्हटले की छत्तीसचाच आकडा," मी म्हटलं, आणि आमचा हिशेब जुळला.

एकशे आठाचं मी घरी येऊन नलूला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती जपाला बसली होती. माळ न थांबवता म्हणाली, "त्यांचे एकशे आठ फटके, माझे एकशे आठ मणी. दोन्हीही तुमच्यासारख्यांसाठीच लागतात."

मग एका सकाळी लिम कुबडी घेऊन आला. जिन्यावरून घसरला होता, गुडघा भोपळ्याएवढा. पण रडवेला झाला होता तो गुडघ्यासाठी नव्हे. गेलांगला त्यांच्या मंडळाचा जुना हॉल आहे. आठ शपथेच्या भावांनी तो सुरू केला. त्यातले एकटे सिफूच आता उरलेत. दरवर्षी वर्धापनदिनाला आठ जण आठ काठ्या घेऊन वेदीभोवती फेर धरतात. आणि त्या आठांनी नियम करून ठेवला होता, की ज्या वर्षी आठ माणसं उभी राहणार नाहीत, त्या वर्षी काठ्या भिंतीवर टांगायच्या, त्या कायमच्या. पूर्वी आठ जागांसाठी मारामाऱ्या व्हायच्या. आता पोरं ऑफिसात; कसेबसे आठ जमायचे. वर्धापनदिन येत्या रविवारी, आणि लिमचा गुडघा गेल्यामुळे उरले सात.

"सातजणांनी केलं तर?" मी विचारलं.

"सात?" लिम म्हणाला. "अंकल, सातवा महिना भुतांचा. सातजण कोण उभं राहील? सिफूंनी काठ्यांना तेल लावून ठेवलंय. टांगण्यासाठी."

मी मिशीवरून हात फिरवला. बाकी तुम्हाला कळलंच असेल.

घरी, डाळ-भातावर

"गेलांग?" निखिलचा घास हातातच राहिला. "बाबा, गेलांगची सम गल्ली की विषम?"

मला काही कळेना. प्राजक्ता खाली मान घालून हसू दाबत होती. मग निखिलनं कानाच्या पाळ्या लाल करत समजावलं: त्या भागात गल्ल्यांना नंबर आहेत. रस्त्याच्या एका अंगाला सम, दुसऱ्या अंगाला विषम. विषम गल्ल्यांत देवळं, मंडळं, खाण्याची दुकानं. सम गल्ल्यांत... निखिल पाणी प्यायला. सम गल्ल्यांत सासऱ्यापुढे सांगता न येण्यासारखे दिवे लागतात.

"बघा, म्हणजे आपलंच बरोबर," नलू म्हणाली. "शुभ ते विषमच. तुम्ही विषम गल्लीतच जायचं. आणि मी बरोबर येणार."

निखिलची काळजी संपली नव्हती. "बाबा, शपथ, छत्तीस, एकशे आठ... हे गँगचे आकडे असतात इथे. पूर्वी होत्या तशा टोळ्या. तुम्ही व्हिजिट पासवर आहात, मी एम्प्लॉयमेंट पासवर. कुणी तुमच्याकडून शपथ घेतली, तर मला आधी फोन करा."

"शपथ काय असते रे?" मी लिमला दुसऱ्या दिवशी विचारलं.

"आता तीनच उरल्यात. उशिरा यायचं नाही, काठी ओलांडायची नाही, आणि सिफूंच्या समोर डुरियन, ते फणसासारखं उग्र वासाचं फळ, खायचं नाही. त्यांच्या डॉक्टरांनी बंद केलंय."

मी निखिलला फोन करून तिन्ही शपथा सांगितल्या. त्यानं तिसरीबद्दल पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

तर असा मी त्या उंबऱ्यावर संत्री घेऊन पोचलो होतो. चहा झाल्यावर सिफूंनी मला काठी दिली आणि खुणेनं म्हणाले, कर. मी केली. छतावरच्या कंदिलांच्या झिरमिळ्या एकेक करून मोजून घ्याव्यात इतक्या जवळून टोक फिरवलं, पण एकही हलली नाही. (एक हलली. पंख्यामुळे.) सिफूंनी काठी परत घेतली. मग माझ्यासमोर चहाचा पेला ठेवला आणि लिमनं सांगितल्याप्रमाणे मी तो दोन्ही हातांनी त्यांना दिला. ते प्यायले. मी आठवा झालो.

डायनिंग टेबलाची आराधना

रचना सोपी होती. मधोमध वेदी. तिच्याभोवती आतलं कडं चौघांचं, बाहेरचं कडं चौघांचं. बाहेरचे चौघे घड्याळाच्या काट्यासारखे फिरणार, आतले चौघे उलटे. एक कडं आकाश, दुसरं पृथ्वी. एक येतं, एक जातं. लिमची जागा आतल्या कड्यात. म्हणजे माझीही.

म्हणजे मला उलटं फिरायचं होतं. वेदी डाव्या हाताला ठेवून.

मी लिमला म्हटलं, "मला बाहेरच्या कड्यात घ्या की."

लिमनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "बाहेरचे वीस-वीस वर्षं तिथेच फिरताहेत. आकाश-पृथ्वीची अदलाबदल करायची का, अंकल? तुमच्या सोयीसाठी?"

आता तुम्हीच सांगा. देवाभोवती आपण कशी फेरी घालतो? देव उजव्या हाताला. लहानपणी देवळात एकदा उलटा धावलो, तर गुरवानं बखोट धरून मला सुलटा केला होता. डाव्या अंगानं फेरी आपल्याकडे एकाच ठिकाणी घालतात, आणि तिथे खांद्यावर मडकं असतं. यांच्या रीतीनं माझं सिफूंना तीनदा मारून झालं होतं: पाच संत्र्यांनी, चार संत्र्यांनी आणि उलट्या नमस्कारानं. आता आमच्या रीतीनंही मारायचं राहिलं होतं, ते रविवारी होणार होतं.

पण शब्द दिला होता. फ्लॅटमधल्या डायनिंग टेबलावर नलूनं तिचा गणपती ठेवला नाही, "त्याच्याभोवती उलटं फिरवणार नाही मी तुम्हाला," म्हणाली. त्याऐवजी मिक्सर ठेवला. मी हातात झाडू धरून मिक्सरभोवती उलटे फेरे घालायचो आणि ती खुर्चीवर बसून 'डावा, डावा' म्हणत ताल द्यायची. मिक्सरभोवती मी इतका सराईत झालो, की नंतर चटणी वाटतानाही तो उलटा फिरत असे, असं प्राजक्ता सांगते.

गेलांग, रविवार सकाळ

नलू नऊवारी नेसून आली. निखिल ऑफिसचा पास गळ्यात घालूनच आला. पोलीस आलेच तर आपण नोकरदार माणसं आहोत हे दिसावं म्हणून. मला मंडळाचा काळा सदरा आणि लाल पट्टा मिळाला. पट्टा लिमचा, तो माझ्या पोटाभोवती एकदा गेला आणि दमून थांबला.

हॉल खचाखच. मध्ये वेदीवर लालबुंद तोंडाचा, लांब दाढीचा त्यांचा वीरदेव. समोर आठ पेले, आठ वाट्या, भाजलेलं आख्खं डुक्कर आणि मंडळातल्या कुणीतरी प्रेमानं रचलेला संत्र्यांचा डोंगर. सम संख्येत, मी मोजून घेतला. उदबत्त्या आपल्या काठीएवढ्या जाड. धुरानं डोळे भरून आले. मग ढोल वाजला.

इथेच सगळं फिरलं. ढोल, झांजा, धूर, समोर देव, आणि आपण देवाभोवती फिरायला उभे. मी मिक्सरचा धावा केला. मिक्सर आठवेना. कोपऱ्यातून नलूचं 'डावा, डावा' ऐकू येत होतं, पण त्याच कोपऱ्यात, तिच्या शेजारी, खुर्चीत सिफू ताठ बसले होते, नवा सदरा घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर. एवढा जिवंत म्हातारा मी जन्मात पाहिला नव्हता. आणि माझ्या पायांनी ठरवलं, की या माणसासमोर, या देवाभोवती, खांद्यावरच्या मडक्याची फेरी आपण घालायची नाही.

झांज वाजली. आतल्या कड्यातले तिघे वेदी डाव्या हाताला ठेवून निघाले. मी उजव्या.

पहिला समोरून आला तो मंडळाचा खजिनदार, जाड भिंगांचा. त्याचे डोळे भिंगांतून बाहेर येऊन भिंगांवर आदळले. त्यानं वरून फटका घेतला होता. मी माझी काठी गोल फिरवून तो झेलला आणि त्याच्या काखेतून पलीकडे गेलो. दुसऱ्यानं मला चुकवायला उडी मारली. तो वेदीइतका उंच उडाला, देवाशी नजरानजर झाली आणि नमस्कार करूनच खाली आला. लोकांना वाटलं, यंदा नवीन प्रकार बसवलाय! टाळ्यांचा कडकडाट. ढोलवाल्याला चेव आला. बाहेरच्या कड्यातले चौघे सुलटेच फिरत होते, मीही सुलटा. मधल्या तिघांना मात्र दर फेरीला मी समोर भेटत होतो, म्हणजे त्यांच्यावर जणू पाचजणांनी चाल केली होती असं ते नंतर सांगत.

शेवटच्या फेरीला तिसरा गडी आला. हा बंदरावर कामाला, छाती म्हणजे गोदामाचं दार. त्याची सरळ बोलणारी काठी आणि माझी गोल बोलणारी काठी अशा भेटल्या, की 'काड्' असा आवाज आला. माझ्या काठीचे दोन तुकडे! अर्धी हातात, अर्धी हवेत. हवेतली गिरक्या घेत गेली आणि भाजलेल्या डुकराच्या पाठीत उभी रुतली, एखाद्या किल्ल्यावर निशाण लागावं तशी.

ढोल थांबला.

मी तसाच पुढे दोन पावलं टाकून माझी प्रदक्षिणा पूर्ण केली. अर्धी ठेवतात का कुणी? मग वेदीसमोर उभा राहिलो आणि नमस्कार केला. उजव्याची मूठ, वर डावा तळवा. निदान तेवढं बरोबर आलं.

आणि मग जो गलका झाला! खजिनदार म्हणाला, काठी मोडली, अपशकुन, आता टांगाच. लिम कुबडी आपटत ओरडला, "मोडली कुठे? आठाच्या नऊ झाल्या! नऊ म्हणजे दीर्घायुष्य!" कुणी म्हणालं, उलट फिरला तो, आकाश-पृथ्वी एक झाली. तर बंदरवाला म्हणाला, आपल्या ऊन-सावलीच्या गोल चिन्हात काळ्यात एक पांढरा ठिपका असतोच ना, पांढऱ्यात एक काळा, तसा हा; आणि माझ्या रंगाकडे बघून कुठला ठिपका ते त्यानं मनातच ठेवलं. निखिल मला म्हणत होता, "बाबा, चला, लिफ्ट खाली आहे," आणि त्या इमारतीला लिफ्टच नव्हती. नलूनं मात्र सरळ सिफूंकडे जाऊन, पदर सावरून, मराठीत सांगितलं, "अहो, चुकून नाही केलं त्यांनी. डावीकडून फेरी आमच्यात मेलेल्या माणसाला घालतात. तुम्ही जगावं म्हणून ते सुलटे गेले."

प्राजक्तानं ते इंग्रजीत सांगितलं, लिमनं त्यांच्या बोलीत. सगळे सिफूंकडे बघू लागले. भिंतीवर आठ नवे खिळे ठोकलेले होते. ते मला तेव्हाच दिसले.

सिफू उठले. डुकराजवळ गेले. अर्धी काठी उपटली, टोक पुसलं, खिळ्यांकडे एक नजर टाकली आणि ते अर्धुक खुर्चीखाली सरकवून ठेवलं. मग ताटली घेऊन जेवायला बसले. माझ्या पाचावर धारण बसलेली. शेवटी मीच लिमला म्हटलं, "विचार बाबा एकदाचं. काठ्या टांगणार का?"

लिमनं विचारलं. सिफूंनी तोंडातला घास संपवला, चहाचा घोट घेतला.

"कशाला? माणसं आठ होती. काठी दुकानात मिळते."